वनांतली माती आणि प्रकाशाची साक्ष



चैत्र लागला कीं भंडारा जिल्ह्यांतील वनांत मोहाचीं फुलें गळूं लागतात. पहांटेच्या गारव्यांत बायकामुलें टोपल्या घेऊन झाडाखालीं जातात आणि ऊन चढण्याच्या आंत तीं रसाळ, पिवळसर फुलें वेंचून आणतात. झाडाखालीं वाळलेल्या पानांचा थर असला तर पडलेलें फूल दिसत नाहीं. म्हणून हा पालापाचोळा झाडून दूर करतात, आणि पुष्कळदां सरळ पेटवूनच देतात. जमीन लख्ख होते, काम सोपें होतें. आग बहुधा बुंध्यापाशींच विझते. पण वारा सुटला तर तीच सरकत सरकत पुढें जाते आणि एका रात्रींत सबंध टेकडी काळी होऊन बसते.

या आगींत गेलें तें काय? वरवर पाहतां विशेष कांहींच नाहीं. वाळकीं पानें जळालीं. पुढील वर्षीं दुसरीं पडतील. राख जागच्या जागीं राहिली. आणि राख हें एक खतच आहे, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. हें म्हणणें अर्धें खरें आहे. पानांतील चुना आणि पालाश यांचा मोठा भाग राखेंत उरतो. स्फुरदही बरेंचसें उरतें. कारण तें वायुरूप होण्यास सुमारें पावणेआठशें अंश सेंटिग्रेड उष्णता लागते, आणि पाचोळ्याच्या आगींत तितकी उष्णता सहसा होत नाहीं. नत्राची गोष्ट मात्र निराळी आहे. सुमारें २०० अंशांच्या पुढें तें पानांतून सुटूं लागतें, आग तापत जाईल तसतसें अधिकाधिक सुटतें, आणि धुराबरोबर हवेंत मिसळून जातें. जी राख उरली तीही उताराची जमीन असली तर मृगाच्या पहिल्या सरीबरोबर नाल्यांत वाहून जाते. ही तूट एका दुपारींत होते, आणि काळ्या पडलेल्या जमिनीकडे कितीही निरखून पाहिलें तरी ती डोळ्यांना दिसत नाहीं.

वनाच्या मातींत काय शिल्लक आहे, काय उणें होत आहे आणि काय भरून येत आहे, याचा हिशेब कसा ठेवावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो ठेवण्याचें एक त्वरित साधन शास्त्रज्ञांच्या हातीं आलें आहे. तें साधन म्हणजे प्रकाश. त्याची साक्ष कोठें पूर्ण भरंवशाची आहे आणि कोठें ती तपासून घेतली पाहिजे, हें सांगण्याचा माझा विचार आहे.

प्रथम एक शंका निघेल. शेताच्या मातीची तपासणी करावी हें समजतें. वनाच्या मातीची कशासाठीं? शेतांत आपण खत घालतों आणि पीक कापून नेतों. जमा व खर्च दोन्ही माणसाच्या हातचीं. म्हणूनच १९ फेब्रुवारी २०१५ रोजीं राजस्थानांतील सुरतगड येथें मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली, तेव्हां ती शेतजमिनीसाठीं होती. त्या पत्रिकेवर मातीच्या बारा गोष्टी नोंदवितात: नत्र, स्फुरद, पालाश व गंधक, जस्त, लोह, तांबें, मँगनीज व बोरॉन, आणि यांखेरीज आम्लता, क्षारता व सेंद्रिय कर्ब.

वनाला मात्र कोणी खत घालीत नाहीं. साग, ऐन, धावडा, तेंदू यांचीं पानें उन्हाळ्याच्या तोंडाशीं गळतात. पावसाळा लागला म्हणजे बुरशी, वाळवी, गांडुळें आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव त्या पानांचा फडशा पाडतात. त्यांतील अन्नद्रव्यें मातीच्या अगदीं वरच्या, वीतभरही नसलेल्या थरांत मिसळतात. आणि झाडांचीं मुळें तीं पुन्हां वर ओढून घेतात. वन आपल्याच पानांवर जगतें. हें चक्र एखाद्या वर्षीं तुटलें तर कांहीं बिघडत नाहीं. पण तेंच वर्षानुवर्षें तुटत राहिलें तर उभ्या झाडांची वाढ मंदावते आणि नवीं रोपें तग धरीत नाहींत. हें लक्षांत येईपर्यंत दहा-वीस वर्षें उलटून गेलेलीं असतात. तोंवर दुरुस्तीची वेळ टळून जाते.

शिवाय भंडाऱ्यांत वन आणि शेत यांचें नातें फार निकटचें आहे. हा तलावांचा जिल्हा. येथील जुने मालगुजारी तलाव, ज्यांना लोक संक्षेपानें मामा तलाव म्हणतात, ते टेकड्यांवरून वाहून आलेलें पाणी अडवितात आणि त्यावर खालचें धान पिकतें. टेकडीवरील वनाच्या मातीची घडी विस्कटली कीं ती तलावांत उतरते. तलाव उथळ होतो आणि धानाचें पाणी तुटतें. नागपुरांत किंवा पुण्यामुंबईंत ज्या घरीं भंडाऱ्याचा तांदूळ शिजतो, त्या घराचा या वनांशीं संबंध नाहीं असें म्हणतां येणार नाहीं.

भंडाऱ्याचा शेतकरी माती नांवानें ओळखतो. काळी, भारी ती कन्हार. धानास मानवणारी ती मोरांड. पिवळसर, रेताड ती सिहार. उथळ आणि मुरमाड त्या खरडी व बर्डी. हें ज्ञान त्यास कोणत्या यंत्रानें दिलें? त्याच्या डोळ्यांनीं. मातीवर ऊन पडलें, त्यांतील कांहीं रंग मातीनें गिळले, उरलेले परत फिरून डोळ्यांत शिरले. त्यावरून त्यानें मातीची जात ठरविली. आज मी ज्या पद्धतीविषयीं बोलत आहें, तिचें बीज हेंच आहे. यंत्र डोळ्यापेक्षां अधिक रंग पाहतें आणि पाहिलेलें आंकड्यांत लिहून ठेवतें, इतकाच काय तो फरक.

मग रसायनशाळेंत माती तपासली तर काय झालें? तपासावीच. पण त्यांत अडचण आहे. शेताची माती नांगरून सारखी झालेली असते. वनांत तसें नाहीं. मोहाच्या दाट छायेखालची माती, दहा पावलांवरच्या उघड्या जागेची माती आणि नाल्याच्या कांठची माती यांत जमीनअस्मानाचें अंतर असतें. एका चिमटीवरून टेकडीचें निदान होत नाहीं. शेंकडों नमुने घ्यावे लागतात. आणि रसायनाची रीत सावकाशीची आहे. नत्र मोजण्याची जी रीत आजही प्रमाण मानतात, ती डेन्मार्कमध्यें योहान केल्डाल यानें १८८३ सालीं काढली. तींत माती तीव्र गंधकाम्लांत तास न् तास उकळावी लागते. सेंद्रिय कर्ब मोजण्याची वॉकली आणि ब्लॅक यांची रीत १९३४ ची. तींत गंधकाम्लाबरोबर पोटॅशियम डायक्रोमेट वापरतात, आणि काम झाल्यावर क्रोमियममिश्रित विषारी पाणी उरतें, त्याची विल्हेवाट ही एक निराळीच चिंता असते. या रीती विश्वासू आहेत. पण शेंकडों नमुन्यांना आणि वर्षांवर्षांच्या तपासणीला त्या पुऱ्या पडत नाहींत.

आतां प्रकाशाकडे वळूं. न्यूटननें लोलकांतून सूर्यकिरण सोडून त्याचे सात रंग वेगळे करून दाखविले, हें शाळेंत आपण शिकलोंच आहों. या रंगांच्या पट्ट्यास वर्णपट म्हणतात. १८०० सालीं विल्यम हर्शेल यानें वर्णपटाच्या एकेका रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिला, आणि तांबड्याच्याही पलीकडे, जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नव्हतें, तेथें पारा अधिक चढला. अशा रीतीनें अवरक्त किरणांचा शोध लागला. पुढें १८५९-६० च्या सुमारास जर्मनींत बुन्सेन आणि किर्खहोफ यांनीं सिद्ध केलें कीं, प्रत्येक मूलद्रव्य तापून वायुरूप झालें म्हणजे स्वतःच्या ठराविक रंगांच्याच रेषा देतें. याचा अनुभव घरबसल्या घेतां येतो. चिमूटभर मीठ गॅसच्या निळ्या ज्योतींत पडलें कीं ज्योत क्षणभर पिवळी होते. तो पिवळा रंग मिठांतील सोडियमची सही आहे. ती दुसऱ्या कोणास करतां येत नाहीं.

या सहीच्या जोरावर माणसानें सूर्यावरील द्रव्यें ओळखलीं. १८६८ सालीं सूर्याच्या वर्णपटांत एक पिवळी रेषा आढळली. ती कोणत्याही ज्ञात द्रव्याची नव्हती. तिच्या धन्याला इंग्रज ज्योतिर्विद नॉर्मन लॉक्यर यानें हीलियम हें नांव दिलें, आणि तें द्रव्य पृथ्वीवर हातीं लागण्यास १८९५ साल उजाडावें लागलें. हाच लॉक्यर २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठीं आपल्या कोंकणांत विजयदुर्गास येऊन राहिला होता. त्या किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ आजही लोक दाखवितात. सूर्याची परीक्षा ज्या विद्येनें झाली, तीच आतां आपल्या पायांखालच्या मातीची परीक्षा करीत आहे.

ही परीक्षा दोन तऱ्हांनीं होते. त्या दोन तऱ्हा वेगळ्या ठेवणें अवश्य आहे, कारण पुष्कळसा घोटाळा त्या एकत्र केल्यानेंच होतो.

पहिली तऱ्हा ज्योतीची. माती ठराविक द्रवांत घुसळून, गाळून, त्या पाण्याचे तुषार ज्योतींत सोडतात. त्यांत पालाश असलें तर पोटॅशियमच्या रेषा उमटतात. त्यांतील मुख्य रेषा दृश्य तांबड्याच्या अगदीं कडेला, सुमारें ७६७ नॅनोमीटरवर असते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा अंश. रेषा जितकी तेजस्वी तितकें पालाश अधिक. जस्त, तांबें, मँगनीज, लोह यांच्यासाठीं याच्या उलट रीत वापरतात: ज्योतीमधून त्या त्या धातूचाच प्रकाश पाठवावयाचा आणि ज्योतींतल्या अणूंनीं त्यांतला किती गिळला तें मोजावयाचें. ही रीत ऑस्ट्रेलियांत ॲलन वॉल्श यानें १९५५ सालीं मांडली. स्फुरद या साध्या ज्योतीस सहजासहजीं दाद देत नाहीं. म्हणून त्याच्या द्रावणांत मॉलिब्डेनमचें संयुग घालून निळा रंग आणतात आणि त्या निळाईंतून किती प्रकाश पार होतो तें पाहतात. चहा जितका कडक तितका कांचेच्या पेल्यांतून पलीकडचें कमी दिसतें, तत्त्व तेंच. या तऱ्हेंत प्रकाश प्रत्यक्ष त्या द्रव्याचीच मोजणी करतो, म्हणून ती भरंवशाची आहे. पण मातीचें पाणी करण्याचा खटाटोप तींत टळत नाहीं.

दुसरी तऱ्हा परावर्तनाची, आणि त्वरेचें रहस्य तींतच आहे. माती वाळवावी, मुळ्या व खडे वेंचून टाकावे, दोन मिलिमीटरच्या चाळणींतून चाळावी आणि बशींत पसरावी. ना आम्ल, ना ज्योत. तीवर दिव्याचा प्रकाश टाकावयाचा आणि परत आलेला प्रकाश वर्णपटमापकानें टिपावयाचा. आपल्या डोळ्यास सुमारें ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचेंच दिसतें. हें यंत्र ३५० पासून २,५०० पर्यंत पाहतें. थोड्या मिनिटांत एक वक्ररेषा हातीं येते. तींत कोठें उंचवटे, कोठें दऱ्या. १,४०० आणि १,९०० जवळच्या दऱ्या पाण्याच्या; २,२०० जवळची चिकणमातीची; ९०० च्या आसपासची रुंद दरी लोहाच्या गंजाची. सेंद्रिय द्रव्य वाढलें कीं वक्ररेषा दृश्य भागांत खालीं दबते आणि पुढें अवरक्तांत तिचा आकार बारकाईनें बदलतो.

अवरक्तांत हे बदल कां होतात, हें समजण्यास तंबोऱ्याचा दृष्टांत उपयोगी आहे. चांगला जुळलेला तंबोरा छेडला तर खर्जाच्या तारेंतून, कोणीं न वाजवितां, गंधार ऐकूं येतो. गवई त्यास स्वयंभू गंधार म्हणतात. मातींतील रेणूंमध्यें अणूअणूंचे बंध हे अशाच तारा होत. त्यांचे मूळ स्वर २,५०० नॅनोमीटरच्या पलीकडे आहेत. अलीकडे ऐकूं येतात ते त्यांचे स्वयंभू, क्षीण आणि एकमेकांत मिसळलेले स्वर. पाण्याचा स्वर मोठा असतो. बाकीच्यांचा कोलाहल असतो. म्हणून वक्ररेषा नुसती पाहून मातींत नत्र किती, हें कोणालाही सांगतां येत नाहीं. त्यासाठीं यंत्राला शिकवावें लागतें.

शिकवावें म्हणजे काय? तुमसरच्या बाजारांतील मुरब्बी व्यापारी मूठभर धान हातांत घेतो आणि त्यांत ओल किती, तांदूळ किती निघेल, हें सांगतो. त्याच्याजवळ रसायनशाळा नसते. पण त्यानें आयुष्यांत हजारों मुठी पाहिलेल्या असतात आणि प्रत्येक मुठीचें पुढें काय निघालें, तें त्यास ठाऊक असतें. यंत्रालाही अशाच मुठी दाखवितात. कांहीं नमुन्यांची वक्ररेषा घ्यावयाची आणि त्याच नमुन्यांची रसायनानें तपासणीही करावयाची. मग वक्ररेषेचा कोणता आकार कोणत्या आंकड्याबरोबर येतो, हें गणितानें शोधून काढावयाचें. एकदां हें नातें सांपडलें कीं पुढील शेंकडों नमुन्यांना प्रकाशच पुरतो. अमेरिकेंत कार्ल नॉरिस यानें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत धान्याच्या बाबतींत ही वाट पाडली. १९६५ सालीं बॉवर्स आणि हँक्स यांनीं मातीची ओल व सेंद्रिय द्रव्य यांचा तिच्या परावर्तनावर होणारा परिणाम दाखविला. आणि २००२ सालीं शेफर्ड आणि वॉल्श यांनीं पूर्व व दक्षिण आफ्रिकेंतील हजारांहून अधिक नमुन्यांचा वर्णपटसंग्रह प्रसिद्ध केला. भंडाऱ्याहून साठ-पासष्ट किलोमीटरांवर, नागपुरास, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि-उपयोग नियोजन ब्युरोचें मुख्यालय आहे. त्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनींही भारतांतील मातीवर या पद्धतीनें काम केलें आहे. म्हणजे विद्या आपल्या दाराशीं आहे.

आतां साक्षीची उलटतपासणी. तुमसरच्या त्याच व्यापाऱ्याच्या हातांत खानदेशची ज्वारी दिली तर तो अंदाज चुकेल. हा त्याच्या डोळ्याचा दोष नव्हे. ती मूठ त्याच्या परिचयाची नव्हे, इतकेंच. आफ्रिकेच्या मातीवर, किंवा पंजाबच्या गव्हाच्या शेतावर शिकलेलें यंत्र कोका अभयारण्याच्या मातीपुढें ठेवलें, तर तें आंकडा देईल. गप्प बसणार नाहीं. पण त्या आंकड्याला आधार नसेल. यंत्राचा आंकडा नेहमीं ठाम दिसतो, हाच त्यांतला धोका आहे.

भंडाऱ्यांतच तीन ठिकाणीं त्यास ठेंच लागण्याचा संभव आहे. पहिलें ठिकाण काळी माती. काळी म्हणजे सेंद्रिय द्रव्यानें भरलेली, असें आपणांस वाटतें. परंतु कन्हारीसारख्या काळ्या मातींत सेंद्रिय कर्ब पुष्कळदां बेताचाच असतो. तिचा काळेपणा मुख्यतः तिच्या चिकणमातीशीं निगडित असतो. उलट छायेंतील तपकिरी वनमाती तिच्याहून कर्बानें संपन्न असूं शकते. दुसरें ठिकाण तुमसर तालुक्यांतील टेकड्या. तेथें चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गचें मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलमध्यें वापरलें जातें. जुना सेल फोडून ती काळी भुकटी ज्यानें पाहिली असेल, त्यास सांगावयास नको कीं थोडें मँगनीजही मातीला किती काळवंडवितें. त्या काळिम्यांत अन्न नसतें.

तिसरें ठिकाण सर्वांत महत्त्वाचें. तें म्हणजे जळलेलें वन. मातींतील नत्रापैकीं शेंकडा ९० हून अधिक नत्र सेंद्रिय द्रव्यांत बांधलेलें असतें. म्हणून प्रकाशाला नत्र दिसतें तें बव्हंशीं कर्बाच्या आडून: कर्ब इतका, तर नत्र साधारण त्याच्या दहाव्या-बाराव्या हिश्शाइतकें. पण आग लागून गेली कीं हें प्रमाण मोडतें. कोळशांत कर्ब पुष्कळ, नत्र मात्र त्या मानानें फार थोडें आणि मुळांना मिळण्यास कठीण. न जळलेल्या वनावर शिकलेलें यंत्र ही कोळशाची काळी भुकटी पाहून, ‘येथें नत्र भरपूर आहे’, असें सांगून बसण्याचा संभव आहे. ज्या प्रश्नासाठीं आपण यंत्र वनांत नेलें, नेमक्या त्याच प्रश्नावर तें आपणांस फसवील. यावर उपाय एकच: शिकवितांना जळलेल्या जागांचे नमुनेही त्यास दाखविले पाहिजेत, आणि त्यांचें नत्र केल्डालच्या रीतीनें मोजलें पाहिजे.

आणखी एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. झाडाला उपलब्ध होणारें स्फुरद आणि पालाश यांची स्वतःची अशी सही या परावर्तित प्रकाशांत उमटत नाहीं. एखाद्या प्रदेशांत पालाश चिकणमातीबरोबर वाढत असलें तर चिकणमातीवरून त्याचा अंदाज बांधतां येतो. पण तो अंदाजच. दुसऱ्या टेकडीवर तें नातें तुटतें. म्हणून कर्ब, चिकणमाती, लोह आणि कांहीं अंशीं नत्र यांच्यासाठीं परावर्तनाची साक्ष घ्यावी. स्फुरद-पालाशासाठीं ज्योतीकडे आणि निळ्या द्रावणाकडेच जावें. एकाच यंत्राच्या एका झोतांत बाराही आंकडे अचूक मिळतात असें कोणी म्हणूं लागला, तर त्यास विचारावें: ‘आपल्या यंत्राला कोणत्या मातीवर शिकविलें, आणि त्याची परीक्षा कोणी घेतली?’

ही परीक्षा कशी घ्यावी? समजा, वनाच्या एका भागांतून ५०० नमुने आणले. सर्वांच्या वक्ररेषा काढाव्या. त्यांत ज्या एकमेकींहून अधिकांत अधिक वेगळ्या दिसतील अशा शंभर निवडून त्यांची रसायनशाळेंत तपासणी करावी. या शंभरांपैकीं पंचाहत्तर यंत्राला शिकविण्यास वापरावे. पंचवीस बाजूस, झांकून ठेवावे. शिक्षण पुरें झाल्यावर या पंचविसांवर यंत्राला प्रश्न घालावा. परीक्षेचा पेपर आधीं फुटतां कामा नये; एकाच झाडाखालचे दोन नमुने, एक शिकविण्यांत आणि दुसरा परीक्षेंत, असेंही होतां कामा नये, कारण तोही पेपर फुटण्याचाच एक प्रकार आहे. यंत्र उत्तीर्ण झालें तर उरलेल्या चारशें नमुन्यांचा खर्च वांचला. अनुत्तीर्ण झालें तर तें आपणांस वेळींच कळलें. दोन्हींत लाभच आहे. आणि हेच नमुने ठराविक वर्षांनीं, त्याच जागीं, त्याच ऋतूंत, तितक्याच खोलीवरून पुन्हां घेतले, तरच त्यांस हिशेब म्हणतां येईल. एकदांच केलेली नोंद ही नुसती शिल्लक सांगते, वाढ-घट सांगत नाहीं.

भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषदेनें देशांतील सर्व वनविभागांच्या मातीसाठीं आरोग्यपत्रिका तयार करण्याचें काम हातीं घेतलें, हें योग्यच झालें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभांनाही सामूहिक वनाच्या संरक्षणाचा आणि व्यवस्थेचा अधिकार दिला आहे. हा अधिकार चालवावयाचा तर ग्रामसभेपुढें आंकडे हवेत, आणि ते तिला कळणाऱ्या भाषेंत हवेत. ‘कर्ब इतका, नत्र इतकें’ एवढ्यानें भागणार नाहीं. ‘गेल्या पांच वर्षांत या टेकडीची माती सुधारली, त्या टेकडीची खालावली’, असें सांगतां आलें पाहिजे.

पुन्हां मोहाच्या झाडाखालीं येऊं. तेथें पाचोळा पेटविणाऱ्या बाईला दोष देणें फार सोपें आहे. तिच्या वर्षाच्या मिळकतीचा कांहीं भाग त्या पंधरा-वीस दिवसांत जमा होतो. पानांत हरवलेलें प्रत्येक फूल ही तिची नुकसानी असते. तिला ‘पेटवूं नको’ असें सांगणाऱ्यानें दुसरा मार्ग दाखविला पाहिजे. कांहीं ठिकाणीं झाडाखालीं जाळें बांधून फुलें झेलण्याचा उपाय पुढें आला आहे. फूल मातीला लागत नाहीं, स्वच्छ राहतें, आणि पाचोळाही जागच्या जागीं राहतो. पण त्यामुळें माती खरोखर सुधारते का, किती वर्षांत आणि किती, याचें उत्तर तिलाही हवें आणि वनरक्षकालाही हवें. तीन झाडें निवडावीं: एकाखालीं नेहमींप्रमाणें आग, दुसऱ्याखालीं पाचोळा झाडून बाजूला, तिसऱ्याखालीं जाळें; आणि अशा तिकड्या पुष्कळ ठिकाणीं मांडाव्या. दरवर्षीं मृगापूर्वीं त्यांची माती घ्यावी, तिच्यावर प्रकाश टाकावा, आणि अधूनमधून रसायनानें त्या प्रकाशाची उलटतपासणी करावी. पांचसहा वर्षांत त्या बाईच्या हातीं असें कांहीं देतां येईल कीं, जें ऐकून तिला आपली काडी खिशांत ठेवावीशी वाटेल. आणि तें खरें असेल.